सुईखालचं वजन

३ फेब्रुवारी

नमस्कार.

याच्या आधी 'सप्रेम' लिहायची हाताला सवय आहे. आवरली.

फोन तुम्ही उचलत नाही, आणि वन्संकडे निरोप ठेवला तर तो तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला तिखटमीठ लागतं, म्हणून पत्र. नवा पत्ता वन्संनीच दिला. सख्खी बहीण असून दिला याबद्दल त्यांच्यावर डाफरू नका. त्यांना वाटतं, दोघांत निदान बोलणं तरी राहावं. बिचाऱ्यांनी वाटणीसुद्धा त्याच बुद्धीने केली. टर्नटेबल मला, रेकॉर्डी तुम्हाला. एकाला कुलूप आणि एकाला किल्ली दिली की न्याय झाला, असा त्यांचा हिशेब.

तुमच्या नव्या घरात फळ्या ठोकून होईपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, रेकॉर्डी इथेच राहणार. जाण्याआधी ऐकून घ्याव्यात असं काल दुपारी मनात आलं. इतकी वर्षं ज्या यंत्राची नुसती धूळ पुसली, त्याचं झाकण पहिल्यांदा स्वतःसाठी उघडलं. बघते तर दांडीच्या टोकाला काही नाही. चार बारीक रंगीत तारा लोंबताहेत. दात उपटल्यावर हिरडी दिसते तसं ते दिसत होतं. उपमा मुद्दाम दिली आहे.

तुम्ही जाताना निम्मे शर्ट विसरलात. बीपीच्या गोळ्या विसरलात. मामंजींचा फोटो भिंतीवर तसाच आहे. पण सुई धरणारं ते नखाएवढं कार्ट्रिज काढून न्यायचं तेवढं लक्षात राहिलं. दोन इवले इवले स्क्रू, त्यांना लागणारा तो सुईएवढा पेचकस, चिमट्याने एकेक तार सोडवणं, हे सगळं तुम्ही त्या सकाळी शांतपणे केलंत. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते आणि माझी समजूत अशी की हा माणूस आत बसून रडतो आहे.

सुई नसलेलं टर्नटेबल म्हणजे नुसता गरगरणारा पाट. ते कार्ट्रिज परत पाठवा. एप्रिलमध्ये परत न्या हवं तर.

कळावे. लोभाविषयी काही लिहीत नाही.


१४ फेब्रुवारी

नमस्कार.

वन्सं येऊन गेल्या. तुमचा निरोप त्यांनी उभ्याउभ्याच दिला, बसल्या नाहीत. 'तो म्हणतो, कार्ट्रिज यंत्रात धरत नाहीत. ते त्याने वेगळं घेतलं होतं. आणि म्हणतो, तिला काय करायचंय? तिचा हात जड आहे, रेकॉर्डीची वाट लावेल.' हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चपला शोधत होत्या.

माझा जड हात. काढलंत का ते पुन्हा?

लग्नात बाबांनी मला व्हायोलिनची एक रेकॉर्ड दिली होती. बाकी सगळं दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवून दिलेलं, ही एकच वस्तू त्यांनी मला म्हणून दिली. पहिल्याच वर्षी तुम्ही ऑफिसात असताना मी ती लावली, दारावरची घंटा वाजली, हात दचकला आणि दुसऱ्या बाजूला एक चरा पडला. टक्. तेवढाच. मी संध्याकाळी स्वतःहून सांगितलं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं, दोन दिवसांत विसरायला झालं असतं. तुम्ही त्याची गोष्ट केलीत.

दर रविवारी तुमचे श्रोते जमायचे. विमा कचेरीतले साहेबलोक, त्यांचे मेहुणे, एक-दोन निवृत्त मंडळी. तुम्ही पांढरे हातमोजे घालून सुई ठेवायचात आणि सगळे जेवायला वाढल्यासारखे हात मांडीवर घेऊन बसायचे. कोणी नवीन आलं की हमखास बाबांची रेकॉर्ड निघायची. फक्त ती जागा येईपर्यंत. मग तुम्ही बोट वर करायचात. 'हा टक् ऐकलात ना? हा व्हायोलिनवाल्याचा नाही. हा आमच्या सौभाग्यवतींचा.' हसणं ओसरलं की रेकॉर्ड पाकिटात. आत मी कपांचा आवाज होऊ नये म्हणून बश्यांमध्ये रुमाल घालून उभी.

मी काय काम करत होते ते तुम्ही कधी त्यांना सांगितलंत का? औषधांच्या प्रयोगशाळेत तराजूच्या खोलीत माझी नोकरी झाली. काचेच्या दारांचा तराजू. पंखा बंद, खिडकी बंद, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा. मिठाच्या कणाहून कमी पावडर चमच्याच्या टोकावरून पाडायची आणि तीही मोजकी. तुमची ती सुई दोन ग्रॅमवर चालते म्हणे. दोन ग्रॅम म्हणजे माझ्या तराजूवर पोतं. तर असली ही बाई घरी आली की तिचा हात जड.

तुमचं कार्ट्रिज तुम्हाला लखलाभ होवो. मी माझं घेणार आहे. तुमच्याहून वरचं.

तुमची,
हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडत नाही, कागद खराब होतो.


२७ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमच्या दुकानात गेले होते. जिथे तुम्ही शनिवारी तासन्‌तास बसायचात आणि घरी येऊन 'फक्त दहा मिनिटं गेलो होतो' म्हणायचात, तिथेच. दुकानदार भला माणूस आहे. म्हणाला, 'साहेब नाही आले?' मी म्हटलं, 'साहेब गेले.' तो बिचारा खुर्चीतून उठला, चेहरा पाडला. मग सांगावं लागलं, तसे नाही हो, दुसरीकडे राहायला गेले. आधीची बातमी त्याला सोपी गेली असती असं त्याच्या तोंडावरून वाटलं.

तुमच्या कार्ट्रिजचं नाव मी त्याला घडाघडा सांगितलं. इतक्या रविवारी ऐकलंय, झोपेतही सांगेन. त्याने तीन कार्ट्रिजं समोर मांडली, बाबांची रेकॉर्ड मी पिशवीतून नेलीच होती, आणि एकेक करून लावून दाखवली. तुमच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड घराबाहेर काढली. काय करायचं ते करा.

पहिल्याची सुई गोल टोकाची. तुमच्या कार्ट्रिजची धाकटी बहीण. दुकानदार म्हणाला, 'ही कोणालाही चालते. रेकॉर्ड कशीही असली तरी हिच्यावर गोडच लागते.' खरंच गोड होतं. पण बंद दाराआड कोणीतरी बोलतंय तसं. बोलणं चाललंय एवढं कळावं, शब्द कळू नयेत. अशा घरात मी बरीच वर्षं राहिले आहे, त्यामुळे ती नको म्हटलं. दुसरी अंडाकृती टोकाची. ती नुसतीच चकचकीत, नव्या नवरीसारखी सारखी पुढे पुढे करणारी.

तिसरी काढताना तो जरा थांबला. तिचं टोक पात्यासारखं बारीक तासलेलं असतं. 'ही रेकॉर्डच्या रेघेत खोल टेकते,' म्हणाला. 'आधीच्या सुया जिथे घासल्याच नाहीत, तिथलं वाचते. पण बाई, ही काही झाकत नाही बरं का. चरे असतील तर चरे ऐकवते. बसवायलाही अवघड. साहेबांना एकदा विचारून घ्या.'

'साहेबांना विचारून झालं,' मी म्हटलं.

लावली. टक् असा आला की कानाखाली वाजल्यासारखं झालं. पण त्याच्या आधीच एवढी खरखर, की मी पाकीट उलटून पाहिलं, आपलीच रेकॉर्ड आहे ना. दुकानदाराला विचारलं, एवढी झिजलेली कशी? म्हणाला, 'खूप वाजली असेल.' पण ती कुठे खूप वाजली? ती तर माझं हसं करण्यापुरती निघायची. हा प्रश्न मी घरी घेऊन आले आहे. कार्ट्रिजही तिसरंच घेतलं. दुकानदार बसवून द्यायला येतो म्हणाला, त्याला नको म्हटलं.

एक मागणं आहे, आणि ते वन्संच्या तोंडून नको म्हणून इथेच लिहिते. सगळ्या रेकॉर्डी न्या. बाबांची तेवढी ठेवा. चरा पडलेली आहे, तुमच्या संग्रहाला ती शोभतही नाही.

मी.


७ मार्च

नमस्कार.

बसवलं. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उजेड चांगला असतो, तिथे टेबल ओढून घेतलं, पांढरा कागद अंथरला, चिमटा आणि भिंग घेतलं. तारा केसासारख्या आहेत. लाल, हिरवी, निळी, पांढरी. एकेकीला जागेवर सरकवताना जुनी सवय आपोआप आली, श्वास बाजूला. दुपार गेली, पण एकही तार दुखावली नाही. हे तुम्हाला सांगायचं काही कारण नाही. सांगायला दुसरं कोणी घरात नाही म्हणून सांगते.

आता त्या लाल खुणेबद्दल. दांडीच्या मागे जे गोल वजन आहे, ते पुढेमागे फिरवलं की सुई रेकॉर्डवर कमीजास्त दाबते, एवढं मला आता कळतं. त्यावर तुम्ही खूण केली होती. माझ्याच नेलपॉलिशने. वर ताकीद, याला घरात कोणी हात लावायचा नाही. घरात कोणी म्हणजे मी, कारण दुसरं होतं कोण? ती खूण कधी झाली तेही आठवतं. त्या रविवारी बाबांच्या रेकॉर्डवर सुई माझ्या चऱ्यावरून उडाली आणि तुमच्या पाहुण्यांसमोर दोनदा तीच ओळ वाजली. टेबलाचा एक पाय आखूड आहे हे मी तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'पाय ठीक आहे, चराच मोठा आहे.' दुसऱ्या दिवशी खूण.

दुकानदार म्हणाला होता की नवं कार्ट्रिज वजनाला अगदी तुमच्याएवढंच आहे, खूण आहे तिथेच राहू द्या, काही हलवायला नको. पण माझ्या खात्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. दुसऱ्याच्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. आणि तराजूवरही नाही, आधी तराजू तपासायचा. निवृत्तीच्या वेळी खोलीतल्या मुलींनी मला जुन्या पितळी वजनांची पेटी दिली होती, ती तुम्ही 'ही अडगळ कुठे ठेवणार' म्हणून माळ्यावर टाकली होतीत. ती काढली. दुकानातून सुईखाली ठेवायचा काडेपेटीएवढा तराजू आणला आहे. त्यावर दोन ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं. बरोबर दोन दाखवले. तराजू खरा.

मग तुमच्या खुणेवर दांडी ठेवून सुई त्या तराजूवर टेकवली. आकडा आला. चष्मा पुसून परत पाहिला. पुन्हा टेकवली. तोच.

सुई खाली घेताना मला तो रविवार आठवत होता. तुमची दाढ दुखत होती, तुम्ही नव्या दवाखान्यात गेलात, आणि पुढच्या रविवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्याकडे गाणं ऐकायला. दाढ तुमची दुखत होती, उपटली गेले मी. पण तेव्हा काही कळलं नव्हतं. बाई बऱ्या वाटल्या. एवढ्या वर्षांत उठून स्वतःचा कप आत आणून देणारी ती एकच पाहुणी. 'ताई, कुठे ठेवू?' म्हणाली. मग मी दाराशी आले तेव्हा तुम्ही तिला टर्नटेबलपाशी उभं केलं होतंत. हातमोजे काढले होतेत. तिच्या हातावर हात ठेवून तुम्ही तिला सुई ठेवायला शिकवत होतात.

लोकांना नवऱ्याच्या खिशात काही सापडतं, कोणी येऊन सांगतं. मला त्या सुईने सांगितलं. पुढचे आठ महिने तुम्ही जे नाकारत बसलात ते फुकट होतं.

असो. आकड्याबद्दल सांगेन, पण आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही सुईखाली किती ग्रॅम ठेवता? आणि नव्या घरी किती ठेवलेत?

नवीन कार्ट्रिज बरं वाजतं.

मी.


१६ मार्च

नमस्कार.

तुमचं उत्तर आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा तुमचं अक्षर पाहिलं, तेही कसल्याशा जाहिरातीच्या कार्डामागे. 'ते तुझ्या डोक्यावरून जाईल. लाल खुणेला हात लावू नकोस म्हणजे झालं. इथे नवीन यंत्रावरही मी तशीच खूण केली आहे. व्हायोलिनची रेकॉर्ड सोडता येणार नाही, ती आता कुठे मिळत नाही.'

चार वाक्यं, आणि चारही वाक्यांत मी मूर्ख. शेवटच्यात तर बाबाही. ती रेकॉर्ड मिळत नाही हे तुम्हाला मार्चमध्ये कळलं. इतकी वर्षं ती विनोदाला चालत होती.

तरीही सरळ लिहिते. तो आकडा तुमच्या उपयोगाचा आहे. एका रेकॉर्डीच्या नाही, तुमच्या सगळ्या संग्रहाच्या. तुम्ही तरुणपणापासून जमवलेलं जे जे आहे, त्या सगळ्याच्या भल्याचा आहे. बाबांची रेकॉर्ड माझ्यापाशी राहू द्या, मी आकडा सांगते आणि काय करायचं तेही सांगते. इतका स्वस्त सौदा तुम्हाला कोणी देणार नाही. ही धमकी नाही आणि युक्तीही नाही. मला ती रेकॉर्ड हवी आहे. ती नव्या सुईवर मी पूर्ण ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, लग्नानंतर पहिल्यांदाच पूर्ण. त्यात काय ऐकू आलं ते तुम्हाला सांगणार नाही. पण ती तुमच्या खुणेखाली परत जावी असं मला वाटत नाही.

नको असेल तर मुकाट्याने घेऊन जा. पण 'मला कोणी सांगितलं नाही' असं नंतर म्हणू नका. मी दोन पत्रांत दोनदा दार वाजवलं आहे.

मी.


२४ मार्च

तुम्ही सगळं नेलंत. संध्याकाळ झाली आहे आणि भिंतीवर फळ्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले आहेत. त्यावर रंग काढावा लागेल.

तुम्ही रेकॉर्डी मोजल्यात, त्याचं काही नाही. बाबांची रेकॉर्ड हातात घेऊन तुम्ही पाकीट उघडलंत, आत तीच आहे का ते पाहिलंत, उजेडात धरून चरासुद्धा शोधलात, आणि तो सापडल्यावर समाधानाने मान हलवलीत. आत दुसरी घालून ठेवावी असं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. नाही घातली. तुम्ही मात्र माझ्याबद्दल अचूक अंदाज केलात आणि तरी तो चुकला.

सौद्याबद्दल विचारलं तर म्हणालात, 'तुझं ते ग्रॅमचं खूळ अजून गेलं नाही का?' बरोबर डॉक्टरीणबाई आणि खोके उचलणारी माणसं होती, मी दार पूर्ण उघडून धरलं.

टर्नटेबलचं झाकण लावताना तुम्ही वाकून खूण पाहिलीत का? पाहिली असतीत तर ती पुसलेली दिसली असती.

हे तुम्हाला शेवटचं.


२६ मार्च

डॉक्टरबाई,

हे पत्र तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे, घरच्या नाही. सोबत एक छोटी डबी आहे. आधी पत्र वाचा, मग ती उघडा.

तुमच्याबद्दल माझ्या मनात माया नाही, हे आधी सांगून टाकते म्हणजे तुम्ही शोधत बसणार नाही. 'कानामागून आली आणि तिखट झाली' हे मी वन्संजवळ तुमच्याविषयी इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्या माझ्या आधी म्हणतात. तुमच्या नावावर माझ्याकडे एकच पुण्य जमा आहे. तुम्ही कप आत आणून दिला होतात.

परवा तुम्ही खोका उचलत होतात. तेव्हा हे म्हणाले, 'हळू गं, हात जड आहे तुझा.' सहज म्हणाले, हसत. तुम्हीही हसलात. पण तुमचा हात खोक्यावर थांबला. मला तुमचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात दिसत होता. ते थांबणं मी ओळखते. तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात सुया घालता, लहान पोरं तुमच्या खुर्चीत न रडता बसतात म्हणे, आणि तुम्ही मनात म्हणालात, असेल बुवा, असेल जड. मीही असंच म्हटलं होतं. पहिल्या वर्षी तो विनोद असतो. मग त्याची गोष्ट होते, पाहुण्यांना सांगायची. मग एक दिवस आपण हात पुढे करायचंच सोडून देतो आणि वाटतं, आपल्याला मुळी आवडच नव्हती.

आता त्यांच्या हाताबद्दल ऐका. सुईखाली दोन ग्रॅमहून जास्त वजन नको, असं त्यांच्या कार्ट्रिजबद्दल दुकानदारही सांगतो, आणि ते स्वतः दर रविवारी पाहुण्यांना सांगायचे. त्यांच्या लाल खुणेवर मी मोजलं. साडेचार. एकदा पाहुण्यांसमोर सुई उडाली म्हणून त्यांनी ते वजन वाढवून ठेवलं, टेबलाच्या पायाखाली एक घडी केलेला कागद घालायचा सोडून. नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हापासून प्रत्येक रविवारी, पांढरे हातमोजे घालून, सगळ्यांना गप्प बसवून, त्यांनी एकेक रेकॉर्ड नांगरली आहे. त्या संग्रहात एक टक् आहे, तो माझा. बाकीची सगळी खरखर त्यांची.

हे त्यांना सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांना ऐकायचं नव्हतं. गाणं ऐकण्यात जन्म घालवलेला माणूस!

मी ती खूण नेलपॉलिशच्याच पाण्याने पुसली, वजन दोनाच्या आत आणलं आणि बाबांची रेकॉर्ड लावली. खरखर होतीच, ती आता जायची नाही. पण तिच्या खाली, यांची सुई जिथे कधी पोचलीच नव्हती तिथे, व्हायोलिन शाबूत आहे. एके ठिकाणी तो वाजवणारा गज टेकवायच्या आधी श्वास घेतो. बाबांनी ती रेकॉर्ड देताना मला सांगितलं होतं, 'त्याचा श्वास ऐक.' तेव्हा मला वाटलं, बाबा असंच काहीतरी बोलतात. इतक्या वर्षांनी तो मला ऐकू आला. मी खूप रडले. यांना लिहिताना फक्त 'बरं वाजतं' असं लिहिलं.

ती रेकॉर्ड आता तुमच्या घरात आहे, तिथल्या यंत्रावरही यांनी केलेल्या तशाच लाल खुणेखाली, साडेचार ग्रॅमखाली. यांच्या नव्या बैठका सुरू झाल्या की तीच पहिली निघेल, कारण विनोद सांगायला नवे पाहुणे मिळतील. अजून काही वेळा वाजली की श्वास जाईल.

डबीत एक छोटा तराजू आहे आणि दोन ग्रॅमचं पितळी वजन. हे घरी नसतील तेव्हा आधी पितळी वजन ठेवून तराजू तपासा, तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका. मग लाल खुणेवर दांडी ठेवून सुई त्यावर टेकवा. आकडा स्वतः बघा, माझ्यावर भरवसा ठेवायची गरज नाही. मागचं गोल वजन मागे फिरवत जा, दोन दिसले की थांबा. खुणेचं काय करायचं, आणि यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. तो संसार आता तुमचा आहे. मी हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका, बाबांसाठी केलं आहे.

माझ्याकडे आता चांगलं यंत्र आहे, त्याहून चांगली सुई आहे, आणि लावायला काहीच नाही. तुमच्याकडे सगळं आहे आणि ऐकू काही येणार नाही. वन्संनी वाटणी अशी केली आहे खरी.

एखाद्या रविवारी यांची बैठक नसेल तेव्हा ती रेकॉर्ड पिशवीत घालून या. दार उघडीन. फार बोलायला हवं असं नाही. कपबश्या कुठे असतात ते तुम्हाला माहीत आहे.

चहा तुम्ही करा. सुई मी ठेवीन.